‘आरटीईवाला’ म्हणून वर्गात उभं करतात. पैसे भरू की भांडू?

पत्र:

माझा मुलगा पिंपरी-चिंचवडमधल्या एका खासगी इंग्रजी शाळेत तिसरीत आहे. शाळा राज्य मंडळाची, विनाअनुदानित. पहिलीला आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) सोडतीत त्याचा नंबर लागला. मिस्टर रिक्षा चालवतात, आमचं उत्पन्न लाखाच्या आत आहे. यंदा शाळेने ‘अ‍ॅक्टिव्हिटी व स्मार्ट क्लास’ म्हणून १४,५०० रुपये आणि वह्या-पुस्तकांच्या संचाचे ६,२०० रुपये मागितले. आम्ही २,००० रुपये रोख दिले, पावती मिळाली नाही. बाकी भरले नाहीत म्हणून सहामाहीचा निकाल दिला नाही आणि स्नेहसंमेलनाच्या नाचातून त्याला काढलं. बाई वर्गात ‘आरटीईवाले उभे राहा’ म्हणतात. त्याचं वाचन कच्चं आहे म्हणून त्याच बाईंनी महिना हजार रुपयांत स्वतःच्या घरच्या शिकवणीला पाठवायला सांगितलं. ऑफिसातले म्हणतात, परवडत नसेल तर दाखला काढून न्या. शेजारी म्हणतात, सरकारने २०२४ मध्ये आरटीई बंदच केलं होतं, तुमची जागा कधीही जाईल. भांडलो तर पोराला त्रास होईल अशी भीती वाटते. आणि आठवीनंतर काय करायचं?
– एक आई

उत्तर:

ताई, आधी एकच गोष्ट पक्की करा: दाखला काढायचा नाही. अर्ज करायचा नाही, कोऱ्या फॉर्मवर सही करायची नाही आणि ‘स्वेच्छेने दाखला घेत आहोत’ असं छापलेल्या कागदाला हात लावायचा नाही. आरटीईखाली खासगी शाळांत गरीब आणि वंचित मुलांसाठी राखलेली पंचवीस टक्क्यांतली जागा फक्त प्रवेशाच्या वर्गाला, म्हणजे पहिलीला किंवा पूर्वप्राथमिकला मिळते. तिसरीत दाखला घेतलात तर दुसऱ्या खासगी शाळेत तीच सवलत मागता येत नाही. शाळा बदलण्याचा हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे, पण तो सरकारी आणि अनुदानित शाळांत जाण्यापुरता. ऑफिसातल्या माणसाला हे माहीत असतं. म्हणून तर तो ‘काढून टाकू’ असं म्हणत नाही, ‘काढून न्या’ म्हणतो. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला काढून टाकायला कलम १६ ची बंदी आहे. तुम्ही होऊन गेलात तर मात्र शाळेवर काही शेकत नाही.

शेजाऱ्यांनी सांगितलं त्यात अर्धं खरं आहे. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने नियम बदलले. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी विनाअनुदानित शाळांना पंचवीस टक्क्यांतून सूट दिली. शहरात अशी शाळा प्रत्येक वस्तीजवळ असतेच, त्यामुळे योजना जवळजवळ आटोपलीच असती. मुंबई उच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला ती दुरुस्ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्टला तो निकाल कायम ठेवला. मुलाचा प्रवेश एका वर्षापुरता नसतो. कलम १२(१)(सी) मध्ये ‘प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत’ असं लिहिलं आहे, म्हणजे आठवीपर्यंत. दर जूनला नव्याने प्रवेश घ्यावा लागत नाही.

आता पैशांचं. या २०,७०० रुपयांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१४,५०० रुपये देऊ नका. शाळेच्या वेळेत, वेळापत्रकात घालून सगळ्या वर्गाला जे शिकवतात ते शिक्षणच. त्याला स्मार्ट क्लास म्हणा, रोबोटिक्स म्हणा, ‘टर्म फी’ म्हणा. कलम ३(२) सांगतं की, ज्यामुळे मुलाचं प्राथमिक शिक्षण अडेल असं कोणतंही शुल्क किंवा खर्च त्याच्यावर लादता येणार नाही. शिकवणी शुल्क, परीक्षा, संगणक, ग्रंथालय, खेळ हे सगळं यात येतं. शाळा कदाचित म्हणेल, तुम्ही प्रवेशाच्या वेळी ‘इतर शुल्क भरू’ असं हमीपत्र दिलं आहे. कायद्याने मुलाला दिलेला हक्क आईबापाच्या सहीने सुटत नाही, हे शांतपणे सांगा. इथे बरेच पालक कलम १३ पुढे करतात, कारण त्यात कॅपिटेशन फीच्या (प्रवेशासाठी घेतलेल्या देणगीच्या) दहापट दंड आहे आणि ते दणदणीत वाटतं. पण ते कलम प्रवेश देतानाच्या वसुलीबद्दल आहे. तिसरीतल्या मागणीला ते लावलं की शाळेचा वकील पहिल्याच ओळीत तुमचा अर्ज खोडतो. तुमची कलमं ३(२) आणि १२ हीच.

वह्या-पुस्तकं आणि गणवेशाचं प्रकरण जरा चिकट आहे. केंद्राच्या २०१० च्या नियमांत पंचवीस टक्क्यांतल्या मुलालाही पाठ्यपुस्तकं, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत मिळण्याचा हक्क लिहून ठेवला आहे. प्रत्यक्षात बहुतेक शाळा ते देत नाहीत आणि ‘सरकार आम्हाला त्याचे वेगळे पैसे देत नाही’ म्हणतात. मागणी लेखी कराच, पण तिचा निकाल लागेपर्यंत मुलगा पुस्तकाविना बसता कामा नये. शाळेकडून त्या ६,२०० च्या संचाची वस्तूवार यादी मागा. शाळा राज्य मंडळाची आहे, तेव्हा बालभारतीची पुस्तकं कोणती आणि खासगी प्रकाशकांची कोणती ते यादीत दिसेल. बालभारतीची पुस्तकं दुकानात स्वस्त मिळतात आणि संकेतस्थळावर पीडीएफ फुकट आहे. अशा संचांत महाग असतात त्या खासगी कार्यपुस्तिका आणि शाळेचं नाव छापलेल्या वह्या. साध्या वह्या चालतील का, हे अर्जात विचारा. ‘नाही’ हे लेखी द्यायला शाळा सहसा धजत नाही.

स्कूल बस, शाळेतलं जेवण आणि शाळा सुटल्यानंतरचे ऐच्छिक वर्ग या सेवा मात्र घेतल्यात तर पैसे द्यावे लागतात. परवडत नसतील तर घेऊ नका. त्यावर भांडण काढलंत तर खरं भांडण पातळ होतं.

रोख दिलेले २,००० बुडाले असं समजू नका, पण परत मागायची घाईही करू नका. तारीख, रक्कम आणि कोणाच्या हातात दिले ते अर्जात लिहून पावती मागा. पावती मिळाली तर शाळेने शुल्क घेतल्याचा पुरावा झाला. नाही मिळाली तर ती मागितल्याचा पुरावा राहतो. इथून पुढे बिनपावतीचा एक रुपयाही नाही. थोडे भरून वेळ मारून नेली की पुढच्या वर्षी तोच आकडा तुमच्या नावावर ‘मागील बाकी’ म्हणून येतो, आणि ‘मग गेल्या वर्षी का भरले?’ या प्रश्नाला उत्तर राहत नाही.

शाळेची बाजूही समजून घ्या, कारण तीच तिच्याविरुद्ध वापरता येते. कलम १२(२) प्रमाणे सरकार शाळेला दर मुलामागे प्रतिपूर्ती, म्हणजे फीची भरपाई, देतं. सरकारचा स्वतःचा दरडोई खर्च आणि शाळेची प्रत्यक्ष फी यांतली जी रक्कम कमी, ती. महाराष्ट्रात हा दर १७,६७० रुपये होता, कोविडच्या काळात तो ८,००० वर आणला. पैसे वर्षानुवर्षं थकतात आणि संस्थाचालकांच्या संघटना त्यासाठी न्यायालयात जात असतात. त्यांची तक्रार खरी आहे. पण ती शाळा आणि शासन यांच्यातली उधारी आहे, आणि ती वसूल करायला तिसरीतलं पोर ओलीस धरता येत नाही. माहितीच्या अधिकारात महापालिकेच्या शिक्षण विभागाला विचारा: या शाळेला गेल्या तीन वर्षांत आरटीई प्रतिपूर्ती किती मंजूर झाली, किती दिली, आणि त्या यादीत किती विद्यार्थी होते? अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं आणि तीस दिवसांत उत्तर यायला हवं. शाळेला पैसे मिळाल्याचं कागदावर आलं तर पुढचं बोलणं सोपं होतं.

एक बारीक काम याच आठवड्यात करून टाका. मुलाचं आधार यूडायसवर (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) बरोबर जुळलं आहे का ते वर्गशिक्षिकेकडून तपासून घ्या. नावाचं स्पेलिंग किंवा जन्मतारीख जुळत नसली की मूल प्रतिपूर्तीच्या यादीतून गळतं, आणि मग शाळेला तुमच्याकडे बोट दाखवायला जागा मिळते. पाच वर्षांनंतरचं बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं अद्ययावतीकरण राहिलं असेल तर तेही करून घ्या.

आता अर्जाकडे. पालकांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकाच कागदावर सगळा संताप ओतणं: फी, नाच, बाई, शिकवणी, क्लार्कची भाषा. असा अर्ज मिळाला की शाळा त्यातल्या सगळ्यात लंगड्या मुद्द्याला उत्तर देते आणि बाकीचं गिळते. तुम्ही दोन अर्ज द्या. एक पैशांचा, एक मुलाला मिळणाऱ्या वागणुकीचा. प्रत्येकी एकच पान, दोन प्रती, दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का, तारीख आणि सही. पोच द्यायला नकार दिला तर तिथे हुज्जत न घालता स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. शाळेच्या ईमेलवरही फोटो टाका.

पैशांचा अर्ज साधारण असा:

‘मा. मुख्याध्यापक यांस. विषय: कलम १२(१)(सी) अन्वये प्रवेशित विद्यार्थ्याकडे मागितलेल्या शुल्काबाबत. माझा मुलगा (नाव, इयत्ता, तुकडी, रजिस्टर क्रमांक) आपल्या शाळेत आरटीई २५ टक्के अंतर्गत शिकत आहे. दि. … रोजी आपण रु. १४,५०० ची मागणी केली. कलम ३(२) व १२ नुसार तो मोफत शिक्षणास पात्र आहे. ही मागणी कोणत्या नियमाखाली आहे ते कृपया लेखी कळवावे, अन्यथा ती मागे घ्यावी. दि. … रोजी रोख घेतलेल्या रु. २,००० ची पावती द्यावी. त्याच्यावर कोणतीही कायदेशीर बाकी नसल्याने सहामाही निकाल सात दिवसांत द्यावा.’

वस्तूवार यादीची आणि वह्यांची मागणी याच कागदात खाली जोडा. सोबत सोडतीतल्या निवडीचं पत्र, पहिलीच्या प्रवेशाचा पुरावा आणि शाळेने पैसे मागितलेल्या संदेशाची छापील प्रत लावा. निवडीचं पत्र सापडत नसेल तर आरटीई पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून मिळतं का पाहा.

दुसऱ्या अर्जात विशेषणं नकोत. ‘अपमान केला’, ‘छळ केला’ असं लिहिण्यापेक्षा ‘दि. अमुक रोजी दुसऱ्या तासाला वर्गशिक्षिकांनी आरटीईच्या विद्यार्थ्यांना उभं राहायला सांगितलं’ असं लिहा. एक साधी वही करा: तारीख, काय झालं, कोणी पाहिलं. तीन-चार नोंदी झाल्या की अर्जाला वजन येतं. आधार दोन आहेत. कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही बंदी करतं. आणि केंद्राच्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की, या मुलांना वर्गात वेगळं बसवायचं नाही, त्यांचे वर्ग वेगळ्या जागी किंवा वेगळ्या वेळी भरवायचे नाहीत, आणि पुस्तकं, गणवेश, ग्रंथालय, संगणक, खेळ, इतर उपक्रम यांत भेद करायचा नाही. स्नेहसंमेलनातला नाच हा ‘इतर उपक्रम’ आहे. त्याच्या कपड्यांचं भाडं सगळ्यांकडून घेत असतील तर ते झेपेल का, ते तुम्ही ठरवा. पण फीच्या बाकीसाठी मुलाला नाचातून काढणं हा भेदच.

सात दिवसांत उत्तर नाही आलं तर दोन्ही अर्ज पोचेसह महापालिकेच्या शिक्षण विभागाच्या प्रमुखांकडे द्या आणि प्रत पुणे जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना (प्राथमिक). गावाकडच्या वाचकांनी हीच तक्रार पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे करावी. वर ‘कलम ३२ खालील तक्रार’ हे शब्द लिहायला विसरू नका. त्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. निर्णय मान्य नसेल तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार टाकली तर टोकन क्रमांक मिळतो आणि फाईल कुठे अडली ते दिसतं. पण तिथली तक्रार फिरून त्याच टेबलावर येते, तेव्हा ती मूळ अर्जाच्या जोडीला ठेवा, बदली म्हणून नको. नगरसेवक आणि वर्तमानपत्र सगळ्यात शेवटी. मुलाचा फोटो आणि नाव एकदा बाहेर गेलं की परत आणता येत नाही.

मुलाला त्रास होण्याची तुमची भीती खरी आहे आणि तिच्यावर उपाय संख्येत आहे. त्या वर्गात आरटीईची आणखी मुलं असणारच, कारण जागा निदान पंचवीस टक्के असतात. चार-पाच पालक मिळून सारखाच अर्ज, प्रत्येकाने आपापल्या नावाने द्या. एकत्रित सह्यांचा एकच कागद दिला तर शाळा एकेकाला बोलावून सही मागे घ्यायला लावते. भेटीला दोघं जा, आवाज चढवू नका आणि बोलणं झालं की त्याच संध्याकाळी ‘आज आपण असं ठरवलं’ असा दोन ओळींचा संदेश मुख्याध्यापकांना पाठवा. वर्गशिक्षिकेशी शक्यतो भांडू नका. बऱ्याचदा तिला यादी ऑफिसातून येते आणि वसुलीचा तगादा तिच्यामागेही असतो. मुलासमोर या विषयावर घरात फार बोलू नका. त्याला एवढंच सांगा: ‘तुझी फी सरकार भरतं, आपल्यावर कुणाचं काही देणं नाही.’ हे वाक्य त्याला वर्गात वापरताही येईल.

शिकवणीचं मी वेगळं ठेवलं, कारण तिथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. आपल्याच वर्गातल्या मुलाला स्वतःच्या घरी पैसे घेऊन शिकवणं शिक्षकाला कलम २८ ने मना आहे. उलट कलम २४ प्रमाणे प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत तपासून गरज असेल तर जादा शिकवणं हे तिचं कामच आहे. पण मुलाचं वाचन खरंच कच्चं असेल, तर कलम दाखवून ते सुधारणार नाही. बाईंना एकच ठोस प्रश्न विचारा: तो अक्षरं ओळखतो पण शब्द जोडता येत नाहीत, की शब्द वाचतो पण अर्थ लागत नाही? दोन्हींचे इलाज वेगळे. पहिल्यात तीन अक्षरांचे इंग्रजी शब्द (कॅट, मॅट, पेन, हेन) आवाजाने जोडून रोज दहा मिनिटं पुरे. दुसऱ्यात तीच गोष्ट आधी मराठीत, मग इंग्रजीत वाचायची. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर अनेक गोष्टी दोन्ही भाषांत फुकट आहेत, सोप्यापासून अवघडपर्यंत पातळ्या लावलेल्या. बालभारतीच्या पुस्तकांवरचा क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपने उघडला की धड्याशी जोडलेलं साहित्य मिळतं. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालतं. त्याने वाचून तुम्हाला मराठीत सांगायचं, एवढा सराव अर्थ पक्का करतो. मराठी वाचन मात्र सोडू नका. घरच्या भाषेत अडखळत वाचणारं मूल इंग्रजीत क्वचितच सुटं वाचतं.

हे निकडीचं एवढ्यासाठी की, २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा लावली आहे. नापास झाला तर पुनर्परीक्षा, आणि तिच्यातही नापास झाला तर मूल त्याच वर्गात बसू शकतं. तुमच्या हातात पाचवीपर्यंत दोन वर्षं आहेत.

आठवीनंतरचा प्रश्न तुम्ही आत्ताच विचारलात हे बरं केलंत. बहुतेक पालकांना तो आठवीच्या निकालादिवशी पडतो. नववीपासून मोफत शिक्षणाचा हक्क संपतो आणि शाळा पूर्ण फी लावू शकते. सहावीत असताना शाळेकडून नववी-दहावीची मंजूर फी लेखी मागा. झेपणार नसेल तर जवळच्या अनुदानित हायस्कूलमध्ये सेमी इंग्रजी तुकडी शोधा. गणित आणि विज्ञान तिथे इंग्रजीतच असल्याने त्याला फार जड जाणार नाही.

कधी जायचं, यात एक खाच आहे. एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीत नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. परीक्षा आठवीत होते, पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख आणि सातवीत ५५ टक्के हवेत. पण ती फक्त सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना आहे. विनाअनुदानित शाळेत आठवीत बसलेल्या तुमच्या मुलाला फॉर्मच भरता येणार नाही. म्हणून नववीला नाहीतरी बाहेर पडायचं असेल, तर सातवीचा निकाल घेऊन आठवीलाच अनुदानित शाळेत जाण्याचा विचार करा. एक मोफत वर्ष सोडाल, पण ४८,००० च्या परीक्षेला तो पात्र होईल. अर्थात परीक्षा पास व्हावी लागते आणि पुढेही अशाच शाळेत शिकावं लागतं. अभ्यासात तो मध्यम राहिला तर आठवी इथेच पूर्ण करणं बरं. तेव्हा, आणि तेव्हाच, दाखला काढा.

तोपर्यंत शाळेला न दिलेल्या पैशांतून टपाल खात्यात आवर्ती ठेव उघडा. ती पाच वर्षांची असते आणि महिना शंभर रुपयांपासून सुरू होते. महिना तीनशे टाकलेत तर १८,००० आणि वर व्याज, तेही तो आठवीत असताना हातात येईल.